बॉल हवेत असताना

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवसाच्या कार्यक्रमाला लोक अजून ‘धमाल कॉमेडी’ म्हणतात. हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी ती पिवळी तोंडं टाकतात. टाकू देत. त्यांतले निम्मे लोक मागच्या रांगेत समोसे खात होते. मी स्टेजवर होतो, हातात दांडा घेऊन. ती कॉमेडी नव्हती. एका माणसाने घरी जायचं की नाही, याचा तिथे निकाल लागायचा होता.

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. शिक्षण चौथी. अबुधाबीकडे रुवैसला रिफायनरीच्या कामावर कंपनीची बस चालवली, उमर तिथेच गेली. आता अबुधाबी शहरालगत खलिफा सिटीत मुलाकडे राहतो. लिहायचा सराव नाही. पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला सराव लागतो, असं मी मानत नाही.

तो वसईचा, ख्रिस्ती. आमच्या कंपनीच्या स्टोअरचा स्टोअरकीपर. त्याचं नाव लिहीत नाही. विचारलं तर तो ‘लिही’ म्हणेल, म्हणूनच लिहीत नाही.

बसमध्ये तो नेहमी माझ्या मागच्या सीटवर बसायचा आणि कॅम्पपासून प्लांटच्या गेटपर्यंत बेसबॉल सांगायचा. बस भरून माणसं क्रिकेटची. पंजाबी, पठाण, मलबारी, आम्ही कोकणी. बेसबॉल कोणी पाहिलेला नाही. त्याने तरी कुठे पाहिला होता? एका कॅसेटवर पाहिला होता, तिची गोष्ट पुढे सांगतो. पण बोलायचा असा, की जणू वसईत केळीच्या वाडीत रोज संध्याकाळी हाच खेळ चालतो.

बेसबॉलमध्ये चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. टोला मारायचा आणि कोपऱ्या-कोपऱ्याने पळायचं. बॉलच्या आधी कोपऱ्याला पोचलात, तर अंपायर दोन्ही हात आडवे पसरतो. म्हणजे सेफ. आता दोन्ही हात आडवे पसरले की क्रिकेटमध्ये काय होतं, ते शाळकरी पोरालाही माहीत आहे. वेग पकडणारा रस्त्याचा रडार न चमकता बस पुढे गेली, की हा सीटवर उभा राहून हात पसरायचा. आणि अख्खी बस ओरडायची, “वाइड!”

“वाइड नाही रे, सेफ! सेफ!”

“वाइड! एक रन जादा!”

मग तो रागाने लाल व्हायचा आणि गेट येईपर्यंत गप्प. बसवाल्यांना तेवढीच शांतता हवी असायची. मी मात्र एकदाही वाइड ओरडलो नाही. गाडी चालवताना मी ओरडत नसतो.

त्याने प्रत्येक माणसाला मैदानातली एक जागा देऊन टाकली होती. नाव विसरेल, जागा विसरणार नाही. कॅम्पच्या न्हाव्याला तो शॉर्टस्टॉप म्हणायचा. मला कॅचर. कॅचर म्हणजे टोला मारणाऱ्याच्या मागे उकिडवा बसणारा. मी म्हटलं, “मी ड्रायवर आहे, मला कधी उकिडवा बसलेला पाहिलास?”

“बस धुताना.”

“ते चाकं धुताना.”

“तेच ते. काय बसतोस रे बाबा! तासभर हलत नाहीस. कोकणात जन्माला आलास म्हणून वाया गेलास.”

मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. नंतर कळलं, कॅचरच सगळ्या मैदानाला खुणा करून चालवतो. मग म्हटलं, ठीक आहे.

स्टोअरमध्ये तर त्याने कहर केला होता. हातमोजे, नट, टेप, काहीही मागा, हातात द्यायचा नाही. काउंटरमागून फेकायचा. झेललं तर तुमचं. पडलं तर “एरर!” म्हणून ओरडायचा, आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी. फिटर लोक गुपचूप कॅम्पमध्ये कांदे फेकून झेलायची प्रॅक्टिस करायचे. एकदा त्याने एक व्हॉल्व फेकला, पितळी, नारळाएवढा. पठाणाने तो पोटावर झेलला आणि तसाच फिरून दारातल्या हेल्परकडे टाकला. नेमका त्याच वेळी सेफ्टी ऑफिसर दारात.

“ये क्या हो रहा है?”

“डबल प्ले, सर,” हा म्हणाला. “एक बॉल में दो आउट. बहुत मुश्किल होता है.”

त्याला वॉर्निंग मिळाली. ती त्याने फ्रेम करून लावली नाही, एवढंच.

आता कॅसेट.

एक अमेरिकन इंजिनियर नोकरी संपवून परत निघाला, तेव्हा खोलीतलं सामान वाटत होता. कोणाला टेबलफॅन दिला, कोणाला बूट. हा उशिरा पोचला, तर उरली होती एक व्हिडिओ कॅसेट. बेसबॉलच्या इतिहासातले ग्रेटेस्ट प्लेज. म्हणजे खेळातले सगळ्यात मोठे क्षण, खालच्या नंबरापासून चढत चढत एक नंबरपर्यंत. दुसरा कोणी असता तर वर हिंदी पिक्चर भरून घेतला असता. ह्याने ती लावली आणि माणूस गेला कामातून.

त्याच सुमाराला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मला रजा मिळाली नाही. गावच्या पोराने शूटिंग केलं, कॅसेट आली. मूळ कॅसेट कुवेतला दुसऱ्या भावाकडे पाठवायची होती, म्हणून मी बाजारातल्या व्हिडिओवाल्याकडे कॉपी करायला दिली. त्याच दुकानात ह्याने आपली बेसबॉलची कॅसेट साफ करायला टाकलेली, कारण एक नंबरचा प्ले आला की चित्र थरथरून जायचं आणि तो त्याला एकदाही दिसला नव्हता. व्हिडिओवाल्याने ती कोरी समजून माझ्या बहिणीचं लग्न तिच्यावर चढवलं. सुरुवातीपासून चढवलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्याने शेवटाकडे चढवलं.

आम्ही दोघं त्याच्या खोलीत बघायला बसलो. एक नंबरचा प्ले आला. टोला बसला. बॉल उंच, उंच, मैदानाच्या पार टोकाकडे. मागे एक माणूस धावतोय, बॉलकडे पाठ करून, समोर भिंत. धावता धावता त्याने हात वर केला...

...आणि आमच्या गावचा मांडव. काझीसाहेबांनी दुवा संपवली, कोणीतरी खजूर उधळले. निकाह झाला की आमच्याकडे खजूर उधळतात. माझा मामू कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा होता, खजूर त्याच्या पाठीमागून आले. मामूने मागे बघितलंसुद्धा नाही. एक हात वर केला आणि खजूर झेलला.

मला वाटलं, आता हा भांडणार. मीही भांडायला तयार होतो, माझी काय चूक? तो टीव्हीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “हा कोण?”

“माझा मामू.”

“कुठे खेळतो?”

“होडीवर असतो. मासे पकडतो.”

“पाठ करून पकडला रे बाबा. पाठ करून!” आणि त्याने कॅसेट मागे घेतली. बॉल उंच गेला, माणूस धावला, मामूने झेलला. पुन्हा मागे. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

कुवेतची मूळ कॅसेट पुढे बुरशीने गेली. म्हणजे बहिणीचा निकाह बघायचा तर ह्याच्याच खोलीवर जायचं. आणि तो फॉरवर्ड करू द्यायचा नाही. “आधी खालून वर यायचं. मधून घुसायला ही काय बस आहे?” म्हणून मी ते सगळे प्लेज इतक्या वेळा पाहिले, की झोपेत सांगीन. तिकडचा बोलर, म्हणजे पिचर, बॉल टाकत असतानाच एक माणूस शेवटच्या कोपऱ्याकडे पळत सुटतो आणि घसरत घुसतो, त्याला ते चोरी म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. एकाने एकट्याने एका दमात तिघांना बाद केलं. त्याने बॉल झेलला, पायाने कोपरा दाबला, तिसरा धावत होता त्याला जाऊन हात लावला, आणि मग इकडेतिकडे बघत राहिला, कारण आता काय करायचं हे त्यालाही कळेना. एकाच्या दोन पायांमधून साधा सरपटी बॉल निघून गेला आणि त्याच्या टीमची अख्खी मेहनत पाण्यात. तो प्ले आला की हा टोपी काढायचा. “ह्याच्यासाठी दुवा कर,” म्हणायचा. मी करायचो. तो माणूस जिवंत आहे की नाही, मला माहीत नव्हतं, पण दुवेने कोणाचं नुकसान होत नाही.

उलट ह्याला माझ्या बहिणीचं लग्न पाठ झालं. सुट्टीवर निघालो की म्हणायचा, “डावीकडे हिरव्या साडीत बसलेल्या त्या म्हातारीला माझा सलाम सांग, फार चांगली बसते.” ती माझी खाला. मी खरंच सलाम सांगितला. ती अजून विचारते, वसईच्या त्या माणसाने मला कुठे बघितलं?

तर हा झाला खेळ. आता पेच सांगतो.

तो रिटायर झाला. कंपनीने हार घातला, घड्याळ दिलं, स्टोअरच्या चाव्या घेतल्या. वसईला घर, वाडी, विहीर, बायको. मुलगी दुबई मरीनाला एका हॉटेलच्या ऑफिसात. आम्ही समजलो, हा आता जाणार. गेला नाही. मुलीच्या व्हिसावर मरीनाला जाऊन बसला. मी विचारलं, तर म्हणाला, “बॉल हवेत असताना मैदान सोडता येत नाही.”

“कुठला बॉल?”

“एक नंबरचा. वर गेलाय. खाली आलेला मी पाहिला नाही.”

“मामूने पकडला की.”

“मामूने खजूर पकडला. बॉलचं काय?”

मला वाटलं, मस्करी आहे. मस्करी नव्हती. आता तर फोनवर बोट लावलं की जगातली कुठलीही मॅच दिसते. मुलगी म्हणाली, “डॅडी, टू मिनिट्सचं काम आहे, मी सर्च करते.” ह्याने कानांवर हात ठेवले. मैदानातल्या माणसाने बाहेरून स्कोर विचारायचा नसतो म्हणे. आणि फोनवर दिसेल ती तीच मॅच कशावरून?

लोक हसायचे. मी हसलो नाही. रुवैसमध्ये मी जन्मभर माणसं बघितली. कोणाच्या घराचा स्लॅब पडायचा असतो, कोणाचा मुलगा इंजिनियर व्हायचा असतो. स्लॅब पडतो, मुलगा होतो, नातूसुद्धा होतो, तरी माणूस इथेच. त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. मग ह्याचंच कारण तेवढं खोटं कसं? मी इथे का आहे, असं कोणी विचारेल. माझं वेगळं आहे.

त्याची बायको, म्हणजे वहिनी, वाडी सोडून यायला तयार नव्हत्या. “तेविसाव्या मजल्यावर कोंबड्या कुठे ठेवू?” हा त्यांचा सवाल. दर शुक्रवारी त्यांचा मला फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“भाऊ, बॉल खाली आला?”

“नाही वहिनी.”

“विहिरीचा पंप जळला. केळी उन्हात चाललीत. सांगा त्याला, बॉल पडला म्हणून.”

“सांगितलं. म्हणतो, कोणी बघितला?”

“मी बघितला म्हणून सांगा!”

“तुम्ही वसईत आहात वहिनी.”

“मग वसईतच पडला!” आणि फोन बंद.

शेवटी वाट त्यानेच काढली. एका दुपारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “कॅचर, मी विचार केला. तो बॉल तिकडे अडकलाय, तो काही येत नाही. पण तोच प्ले मी पुरा करीन. साक्षीदार ठेवून. तू टोला मारायचा, मी पाठ करून धावायचं. पकडला तरी खाली आला, सुटला तरी खाली आला. मग मी मोकळा. दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढतो.”

“आणि इथेच पार्किंगमध्ये मारला तर?”

“ग्रेटेस्ट प्ले पार्किंगमध्ये होत नाही. माणसं बसलेली पाहिजेत.”

माणसं बसलेली कुठे मिळतात? मंडळात. आमच्या मंडळाचा वर्षाचा कार्यक्रम जवळ आला होता. मी मंडळाच्या सेक्रेटरी मॅडमना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. मॅडम गाडी चालवत होत्या, आवाज तुटत होता. स्पीकर चालू असल्यामुळे मी सगळं ऐकलं.

“काका, तुम्ही काय प्रेझेंट करणार?”

“ग्रेटेस्ट प्लेज. बेसबॉल हिस्टरी.”

“प्लेज... हॅलो?... हिस्टरी? वॉव! म्हणजे हिस्टॉरिकल प्ले? काका, अहो ह्या वर्षी ऐतिहासिक नाटकच मिसिंग होतं!”

आता ह्याला इंग्रजी ‘प्ले’ म्हणजे काय ते एकच माहीत. मला तर नाटक हा शब्द ऐकूनही काही खटकलं नाही. ह्याच्याबद्दल बोलताना लोक नेहमी ‘त्याची नाटकं’ असंच म्हणायचे.

“कॅरेक्टर्स किती?”

“नऊ. पण आम्ही दोघांत भागवू.”

“सो एक्स्पेरिमेंटल! कॉस्च्यूम?”

“टोपी. आणि मागे भिंत पाहिजे, उंच.”

“तटबंदी आहे ना आपल्याकडे, लास्ट इयरची! बुरुजासकट! आणि काका, क्लायमॅक्सला काय? लढाई?”

“नाही. एक माणूस पळतो.”

“पळतो? आपला की त्यांचा?”

“आपला. शत्रूकडे पाठ करून पळतो.”

“काका, ते थोडं चेंज करता येईल का? ऑडियन्स इमोशनल असतो.”

“तोच तर प्ले आहे!” हा ओरडला. मॅडम घाबरून ओके म्हणाल्या.

वहिनी व्हिजिट व्हिसावर आल्या. एअरपोर्टवरून मीच आणलं. हातात एक मोठी बॅग, आणि उचलली तर हलकी. मी विचारलं, “वहिनी, एवढी मोठी बॅग रिकामी?”

“त्यात त्याला भरून न्यायचंय.”

दोघांची परतीची तिकिटं कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाची. हॉलमध्ये कडक बॉल नको, लोकांची डोकी फुटतील, म्हणून वहिनींनी जुने मोजे गुंडाळून, वर पांढरा कपडा घालून, लाल दोऱ्याने शिवून बॉल केला. शिवताना एकदाच म्हणाल्या, “सरळ खाली ये रे बाबा.” बॉलला म्हणाल्या, नवऱ्याला नाही.

रविवारची दुपार. खलिफा सिटीतल्या एका शाळेचा हॉल, भाड्याने घेतलेला. बायका नऊवारीत, पुरुष फेटे बांधून. स्टेजवर प्लायवूडची तटबंदी, दोन बाजूंना दोन मावळे, हातात थर्माकोलचे भाले. निवेदकाने आवाज खोल करून सांगितलं, “आता सादर होत आहे, ऐतिहासिक नाटक.” पडदा उघडला, तर बुरुजासमोर हा उभा, डोक्यात लाल टोपी, अंगात स्टोअरचा जुना शर्ट. आणि बाजूला मी, सुताराकडून घडवून घेतलेला दांडा घेऊन. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोणाला वाटलं, हे कोणी हेर आहेत.

ह्याने सुरुवातच मावळ्याला झापून केली. “तू फर्स्ट बेस. भाला खाली ठेव. फर्स्ट बेसला भाला नसतो.”

मावळा बिचारा बँकेत नोकरीला. त्याने विंगेतल्या मॅडमकडे बघितलं. मॅडमनी हाताने खूण केली, करा, एक्स्पेरिमेंटल आहे.

मग ह्याने खालून वर एकेक प्ले सांगितला. चोरी सांगताना स्टेजवर सपशेल घसरला. तिघांना बाद करताना दोन्ही मावळ्यांना आणि मला हात लावला. पायांमधून बॉल गेलेल्या माणसाची पाळी आली तेव्हा टोपी काढून उभा राहिला, तेव्हा लोकांना वाटलं कोणी वीर पडला, आणि पुढच्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्या रांगेतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, “सगळं ठीक, पण महाराज कधी येणार?”

“एक नंबर!” हा ओरडला. पुढच्या रांगेत वहिनी पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. हसत नव्हत्या.

त्याने माझ्याकडे बॉल टाकला आणि मागे तटबंदीकडे बघून पवित्रा घेतला. मी लहानपणी विटी-दांडू खेळलेला माणूस आहे. आमच्या गावात माझी विटी नारळीच्या शेंड्यावरून जायची, आजही गावात विचारा. मी बॉल अलगद वर उडवला आणि दांडा घातला. टोला असा बसला, असा बसला, की माझं मलाच बरं वाटलं.

तो धावला. बॉलकडे पाठ, समोर भिंत, एक हात वर. कॅसेटमधला माणूस धावायचा तसाच. त्या वयात माणूस असा धावू शकतो, हे मी पाहिलं नसतं तर मानलं नसतं. आणि भिंत काही थांबली नाही. प्लायवूडची ती, त्याच्यासकट आणि एका मावळ्यासकट मागे कोसळली. धुरळा उडाला. हॉलमध्ये एवढा हशा झाला की माईक किंचाळला. शिट्ट्या, टाळ्या, ‘वन्स मोअर’.

धुरळ्यातून त्याचा हात आधी वर आला. उघडा. रिकामा.

“कुठाय?” तो आतून म्हणाला.

मी वर बघितलं. मग फर्स्ट बेसने बघितलं. मग सगळ्यांनी. एसीवाल्याने छताची एक फळी काढून ठेवलेली, तिथे चौकोनी भोक. बॉल त्या भोकात गेला होता. परत आला नव्हता.

माझा टोला बरोबर होता. छत चुकीचं होतं. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आता लिहूनही ठेवतो.

वहिनी उभ्या राहिल्या. “खाली आला?”

“नाही,” मी म्हणालो.

त्या पुन्हा खाली बसल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पंप, केळी, कोंबड्या, रिकामी बॅग, सगळं त्या चेहऱ्यावर होतं.

लोकांना काय! लोक उठून फोटो काढायला लागले. तो स्टेजच्या कडेला जाऊन बसला. फर्स्ट बेसने भाल्याने टोचून बघितलं, भाला मोडला. मी म्हटलं, “दुसरा बॉल करू, पुन्हा मारतो.”

“दुसरा बॉल म्हणजे दुसरा प्ले.”

“मग पडला असं समज.”

“समजून आउट देत नाहीत.”

मॅडम धावत आल्या. “काका, सो फनी! लोक क्रेझी झालेत! पण आता हॉल रिकामा करायचाय, नेक्स्ट बुकिंग आहे.”

“मी मैदान सोडू शकत नाही,” तो शांतपणे म्हणाला.

दारात पुढचं बुकिंग येऊन उभं होतं. कोणाचा तरी भरतनाट्यमचा क्लास. लहान लहान मुली, कपाळाला टिकल्या, पायांत घुंगरू. त्या आत डोकावून छताकडे बघायला लागल्या. वहिनी स्टेजवर चढल्या आणि नवऱ्याशेजारी बसल्या. “मी शिडी आणून चढते वर.”

“तू टीममध्ये नाहीस.”

“तिकिटं उद्याची आहेत रे!”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुरळ्याचं नव्हतं. मला तेव्हा कळलं की ह्याला घरी जायचंय. मनापासून जायचंय. फक्त कायद्याने जायचंय.

तेवढ्यात हॉलचा सिक्युरिटी गार्ड आला. नेपाळी माणूस, चाव्यांचा जुडगा घेऊन. “साब, यल्ला. टाइम खलास.”

ह्याने मान वर केली. गार्डकडे बघितलं, चाव्यांकडे बघितलं. माझ्याकडे वळून म्हणाला, “कॅचर, बॉल छपरात किंवा झाडात अडकला, तर त्याचा कायदा पुस्तकात नसतो. तो ज्या त्या मैदानाचा असतो. मैदानाचा माणूस सांगेल तो निकाल.” मग उठला, शर्ट ठीक केला आणि गार्डसमोर जाऊन उभा राहिला.

“ये ग्राउंड किसका है?”

“ड्यूटी मेरी है साब. तो अभी मेरा.”

“बॉल ऊपर अटका है. तुम्हारा क्या रूल?”

गार्डने टोपी मागे सरकवून भोकाकडे बघितलं. घाई केली नाही, हे त्याचं मोठेपण. चांगला वेळ बघितलं. मुलींचे घुंगरूसुद्धा थांबले.

“ऊपर है तो ऊपर है, साब,” तो म्हणाला. “गेम खलास. आप घर जाओ.”

ह्याने आपली टोपी काढली. गार्डचा हात दोन्ही हातांनी धरला. “थँक्यू, अंपायर.”

वहिनींना काही कळेना. “म्हणजे काय झालं?”

“डेड बॉल. ग्राउंडने घरी जायला सांगितलं. चल, बॅग भरू.”

“आणि मी काय वेगळं सांगत होते रे इतकी वर्षं फोनवर? घरी ये, घरी ये म्हणून घसा सुकला माझा!”

“तू कुठे ग्राउंडवर होतीस?”

वहिनींनी त्याच्या पाठीत पर्स घातली, चांगली जोरात, आणि मग त्याचा हात धरून त्याला घुंगरूवाल्या मुलींच्या मधून बाहेर नेलं. मुलींनी वाट दिली. त्याने मागे वळून छताकडे बघितलं नाही. मी लक्ष ठेवून होतो.

मला न्यायला सून गाडी घेऊन आली होती. तिने कार्यक्रम पाहिला नव्हता, पण ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले होते.

“अब्बा, पकडला का त्यांनी?”

“नाही.”

“मग सुटला?”

“नाही.”

“मग झालं तरी काय?”

“घरी गेला,” मी म्हणालो.